नाव लागले की सही लागते : वर्षभराच्या प्रकल्प नोंदी

१३ जानेवारी २०२५

शासनाने या महिन्यात सर्व कार्यालयांना शंभर दिवसांचा सात कलमी कार्यक्रम दिला आहे. त्यात संकेतस्थळ, सुकर जीवनमान, स्वच्छता, तक्रार निवारण, कार्यालयातील सोयी, गुंतवणूक आणि क्षेत्रीय भेटी अशी कलमे आहेत. आमदार म्हणून माझे काम सभागृहात बोलण्याचे आणि मतदारसंघातून पत्रे देण्याचे. कार्यालये चालवण्याचे नाही. तरीही वर्ष संपताना सुधारणांवर भाषण करायचे असेल, तर निदान एक कागद पहिल्या खिडकीपासून शेवटच्या सहीपर्यंत स्वतः पाहिलेला असावा, असे ठरवले आणि त्यासाठी वारस नोंद निवडली. खानदेशात कापूस, केळी आणि पाणी यांच्यावर भांडणारी माणसे माझ्याकडे येतात, पण संपर्क कार्यालयाच्या बाकावर सर्वाधिक वेळ बसून राहतो तो बापाच्या नावावरची जमीन स्वतःच्या नावावर न लागलेला माणूस.

कार्यालयात एक दोनशे पानी वही ठेवली. प्रत्येक प्रकरणासाठी चारच रकाने आखले : कागद दिला कधी, पोच मिळाली कधी, अडला कुठे, सुटला कधी.

४ फेब्रुवारी

तीन आठवड्यांत वहीने शिकवलेली गोष्ट अशी की दुसरा रकाना जवळजवळ रिकामा आहे. लोक कागद देतात, पोच घेत नाहीत. मागितली तर ‘ठेवून जा, बघतो’ असे उत्तर मिळते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाला यंदा दहा वर्षे पूर्ण होत आहेत. त्या कायद्यात मुदत आहे, पहिले आणि दुसरे अपील आहे, त्यावर आयोग आहे आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडही आहे. परंतु कायद्याचे घड्याळ सुरू होते ते परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यावर, आणि अर्ज परिपूर्ण आहे की नाही हे ठरवतो खिडकीच्या आतला माणूस. ज्याने काम करायचे त्याच्याच हाती घड्याळाची किल्ली असल्यावर मुदत कधी संपणारच नाही.

सेतू केंद्राच्या बाहेर बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्यांना मात्र हे सगळे ठाऊक असते. त्यांच्यातला एक म्हातारा मला म्हणाला की पोच नसलेला कागद म्हणजे पोष्टात न टाकलेले पत्र. आमच्या अभ्यासगटांच्या अहवालांत इतके नेमके वाक्य मी वाचलेले नाही.

१९ फेब्रुवारी

तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे आणि ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी. गावात दोघांनाही कोणी नव्या नावाने हाक मारत नाही. नावे बदलणे सर्वांत स्वस्त असते, म्हणून ते आधी होते.

२४ मार्च

अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी मुंबईत आहे. बुलढाणा जिल्ह्यात या महिन्याच्या आरंभी सुरू झालेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम १ एप्रिलपासून राज्यभर राबवण्याचा निर्णय झाला. पहिल्या पाच दिवसांत चावडीवाचन करून गावातील मयत खातेदारांची यादी करायची, २० एप्रिलपर्यंत वारसांनी मृत्यू दाखला, प्रतिज्ञापत्र आणि वंशावळीचे कागद द्यायचे आणि १० मेपर्यंत फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, निर्गत करून सातबारा दुरुस्त करायचा, अशी आखणी आहे. मला ही मोहीम मनापासून पटली, कारण तिच्यात अर्जदाराने खिडकीवर जायचे नसून खिडकीने अर्जदाराकडे यायचे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे जमिनीत हक्क मिळाल्यावर तीन महिन्यांत कळवण्याचे बंधन खातेदारावर होते आणि आहे. ते कोणी पाळत नव्हते आणि न पाळल्याचे कोणाला फारसे वाटतही नव्हते.

३ एप्रिल

आज आमच्याच गावी चावडीवाचनाला बसलो. सकाळी आठलाच ऊन तापले होते, म्हणून वाचन चावडीतून उठून मारुतीच्या पाराजवळच्या निंबाखाली आले. ग्राम महसूल अधिकारी वयाने माझ्या मुलाएवढे आहेत. ते खाते क्रमांक आणि नाव वाचत आणि लोक ‘आहे’ किंवा ‘वारला’ असे सांगत. कोणी वारल्याचे सांगितल्यावर ते लाल पेनाने नावापुढे फुली मारत. हजेरी घ्यावी तसा हा प्रकार चालला होता, फरक इतकाच की गैरहजरांचीच वर्दळ अधिक होती. एक शेतकरी उठून म्हणाला, “साहेब, मना बाप मरीसन वीस वरीस व्हई ग्यात, पन उतारावर आजून जित्ता शे.” सगळे हसले. तो हसला नाही, कारण बाप उताऱ्यावर जिवंत असल्यामुळे त्याला सोसायटीचे पीककर्ज मिळत नाही आणि १५ एप्रिलपासून शेतीच्या योजनांसाठी बंधनकारक होणारा शेतकरी ओळख क्रमांकही काढता येत नाही.

मग एका खात्यावर वाचणारा मुलगा अडखळला. त्याने माझ्याकडे पाहिले, पान उलटल्यासारखे केले आणि पुन्हा त्याच पानावर आला. खाते आमचे होते. माझी आई २०१९ साली गेली आणि सहा वर्षे तिचे नाव आमच्या दोघा भावांच्या नावांच्या वर तसेच राहिले होते. इतरांच्या वारस नोंदींची वही ठेवणाऱ्या माणसाच्या घरातली ही गोष्ट. मी ‘वारली’ असे म्हटले आणि फुली पडली.

संध्याकाळी घरी येऊन जुना फेरफार काढून पाहिला. वडील २०११ मध्ये वारले. त्या वेळच्या वारस नोंदीत आई, मी आणि धाकटा भाऊ अशी तीन नावे आहेत. आम्ही भावंडे मात्र तीन. थोरल्या बहिणीचे, आक्काचे, नाव वंशावळीत नाही, आणि त्या प्रतिज्ञापत्रावर सही माझी आहे. मी तेव्हा राजकारणात नवा होतो. कागद लिहिणाऱ्याने ‘मुली घालायच्या का?’ असे विचारल्याचे आठवते. मी काय उत्तर दिले ते आठवत नाही, पण कागदावरून कळते.

१६ एप्रिल

आईच्या वारस नोंदीचा अर्ज तिघांच्या नावे दिला. गाव नमुना ६ क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत, तीन नावे लिहिली गेल्याचे स्वतः वाचले. पोच घेतली. धाकट्या भावाला संध्याकाळी सांगितले. तो काही बोलला नाही. बैलांना कडबा टाकायला उठून गेला.

३० एप्रिल, आखाजी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात आणि पितरांच्या नावाने घागर भरली जाते. मोहिमेचा फेरफाराचा टप्पा नेमका याच दिवसांत आला आहे. परिणाम असा की आठवडाभर तालुक्यातल्या दस्तलेखकांकडे सर्वाधिक मागणी हक्कसोडपत्रांची आहे. बहीण वर्षातून एकदा हमखास घरी सापडते ती आत्ता. तिला पुरणपोळी आणि आंब्याचा रस वाढायचा, साडी नेसवायची आणि उद्या-परवा दुय्यम निबंधकाकडे नेऊन सही घ्यायची. म्हणजे मोहिमेने ज्या बहिणींची नावे आणली, त्यांतली बरीचशी त्याच महिन्यात गाळली जाणार. सातबारा दुरुस्त झाला, एवढे अहवालात खरेच असेल.

आमच्या घरीही तोच कागद तयार होता. धाकट्याने तो टंकलिखित करून आणला होता आणि घागरीची पूजा झाल्यावर ओसरीवर आक्काच्या पुढे ठेवला. घागरीवर सांजोऱ्या, आंबा आणि खरबूज ठेवलेले, बाजूला आई-वडिलांचा फोटो, आणि पाटाशेजारी सहा पानांचा दस्त. आक्का सुरतेला असते. मेहुणे कापड बाजारात कामाला होते, आता निवृत्त आहेत. तिने कागद न वाचताच पेन मागितले. मी थांब म्हटल्यावर ती माझ्यावरच चिडली : “माले माहेर पाहिजे, वावर नको.”

या वाक्यापुढे १९५६ चा हिंदू वारसा कायदा, राज्याची १९९४ ची दुरुस्ती, केंद्राची २००५ ची दुरुस्ती आणि मुलीचा हक्क जन्मतः असल्याचे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल, असे सगळे उभे करून पाहिले; घरात मोठ्याने काही म्हटले नाही. एवढेच म्हणालो की आईच्या नोंदीची पंधरा दिवसांची नोटीस अजून चालू आहे, ती मुदत संपू दे, मग पाहू. महसूल संहितेच्या कलम १५० मधल्या त्या नोटिशीचा एरवी आम्ही विलंब म्हणून उपहास करतो. आज तिने मला आडोसा दिला.

२ मे

काल महाराष्ट्र दिनी शंभर दिवसांच्या कार्यक्रमाचा निकाल जाहीर झाला. अठ्ठेचाळीस विभागांनी मिळून ९०२ उद्दिष्टे घेतली होती आणि त्यांपैकी ७०६ पूर्ण झाली. भारतीय गुणवत्ता परिषदेकडून केलेल्या कार्यालयांच्या मूल्यमापनात पहिल्या पाच जिल्हाधिकारी कार्यालयांत आमच्या जळगावचा समावेश आहे, याचा आनंद वाटला आणि तसे अभिनंदनाचे पत्रही पाठवले. सरकारी कामाला बाहेरच्या संस्थेकडून गुण देण्याची ही सवय टिकावी. माझी अडचण वेगळी आहे. गुण कार्यालयाला मिळतात, कागदाला मिळत नाहीत; आणि कागद एका कार्यालयात राहत नाही.

१४ मे

आईच्या जागी तिघांची नावे लागली. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मुदतीत प्रमाणित केली. वहीच्या चौथ्या रकान्यात तारीख लिहिली.

२९ मे

महसूल संहितेच्या कलम ८५ खालच्या शेतजमीन वाटणीपत्रांना नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने या आठवड्यात घेतला. मुद्रांक शुल्क आधीपासून शंभर रुपयेच होते, पण एक टक्का नोंदणी शुल्क द्यावे लागत असल्यामुळे लोक वाटण्या तोंडी करत किंवा साध्या कागदावर लिहून घरातल्या पेटीत ठेवत. निर्णय चांगला आहे. वाटणी झाली तर बहिणीचा हिस्सा वेगळा पडेल की ती वाटणीआधीच हक्क सोडून देईल, हे शुल्कावर ठरत नाही.

१६ जुलै, मुंबई

जिवंत सातबारा मोहिमेत लागलेल्या वारसांत स्त्रिया किती आणि त्यानंतर आजवर हक्कसोडपत्रे किती, असा तारांकित प्रश्न दिला होता. तो सोडतीत निघाला नाही. लेखी पत्र देऊन ठेवले. या अधिवेशनात तुकडेबंदीतील शिथिलतेची घोषणा झाली आणि कुटुंबातल्या वाटणीच्या पोटहिस्सा मोजणीचे शुल्क २०० रुपयांवर आणल्याचीही चर्चा लॉबीत होती. महसूल खात्यात इतक्या गोष्टी एका वर्षात हललेल्या मी पाहिलेल्या नाहीत, हे विरोधी बाकावर असतो तरी लिहिले असते.

४ ऑगस्ट

काल घरी कानबाई या आमच्या खानदेशी देवीचे रोट, म्हणजे गव्हाच्या पिठाचा नैवेद्य, झाले. भाऊबंदकीतली सगळी घरे जमली. रोटाचे गहू आमच्याकडे घरातल्या पुरुषांची नावे घेऊन मोजतात; प्रत्येक नावाला सव्वा मूठ, तान्ह्या मुलालाही. धाकट्याची बायको मोजत होती. मी सहज म्हटले की एक सव्वा मूठ आक्काची घाल. चुलती हसून म्हणाल्या, “भाऊ, तिचं रोट तिच्या सासरी.” त्यांचे चूक नव्हते. मूळ वंशावळ चावडीत लिहिली जात नाही, एवढे मात्र काल डोळ्यांनी पाहिले. आमचे सगळे परिपत्रक या परातीपाशी येऊन थांबते.

१९ ऑगस्ट

अक्राणी आणि अक्कलकुव्याकडच्या एका सहकाऱ्याबरोबर दोन दिवस सातपुड्यात होतो. तिथे प्रश्न निराळा आहे. अनेक पाड्यांवर मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे घरबसल्या सेवा म्हणजे टेकडीवर चढून सेवा. पण तिथल्या वनहक्क पट्ट्यांनी मला विचारात टाकले. २००६ च्या वनहक्क कायद्यात पट्टा विवाहित दावेदाराच्या बाबतीत पती-पत्नी दोघांच्या नावे द्यावा, असे स्पष्ट लिहिले आहे. डोंगरातल्या पावरा आदिवासी बाईचे नाव कायद्याने पहिल्या दिवसापासून कागदावर असते. तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीतल्या बाईचे नाव यायला नवरा किंवा बाप मरावा लागतो. मैदानी भागासाठी बायकोचे नाव जमिनीला लावण्याची लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ पासून आहे, पण ती नवऱ्याच्या इच्छेवर आहे.

९ ऑक्टोबर

सप्टेंबरच्या अतिवृष्टीने कापूस पाण्यात उभा राहिला. परवा, ७ तारखेला, राज्याने ३१,६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले. मदत खात्यावर जमा करण्यासाठी याद्या सुरू आहेत. जिवंत सातबाऱ्याचा खरा लाभ इथे दिसला : एप्रिलमध्ये ज्यांची नावे लागली, त्यांची मदत मृत बापाच्या नावावर अडकली नाही. निंबाखाली उठून बोललेला तो शेतकरी आज स्वतः सांगायला आला. या एका गोष्टीसाठी मी त्या मोहिमेचे श्रेय कोणालाही देईन.

आणि याच यादीने मला दुसरी बाजूही दाखवली. आमचे खाते आता सामाईक तिघांचे आहे. मदत एकाच्या बँक खात्यात जायची तर उरलेल्या दोघांचे संमतीपत्र हवे, आधारच्या स्वाक्षरी केलेल्या प्रतीसह, मूळ कागदावर. आक्का सुरतेला. तिने सही करून फोटो पाठवला, तो चालला नाही. मूळ कागद कुरिअरने आला तेव्हा त्यावर साक्षीदाराची सही नव्हती. धाकट्याने तालुक्याला चार फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीनंतर तो ओसरीवर बसून मला म्हणाला, “दादा, तू कायदा केलास, पण फेऱ्या मी मारतो. म्हणून मी आखाजीला तो कागद आणला होता. मला तिची जमीन नको होती, मला तिची सही नको होती.”

हे मी वर्षभर ऐकत होतो आणि ऐकत नव्हतो. भाऊ बहिणीचे नाव गाळतात त्यामागे लोभ असतो, हे मी गृहीत धरले होते. काही घरांत तो असतोच. पण पुष्कळ घरांत भीती असते ती सहीची. नाव लागले की सही लागते : सोसायटीच्या कर्जाला, पीकविम्याला, विहिरीच्या वीजजोडणीला, नुकसानभरपाईला. एका खात्याने नाव लावणे सोपे केले आणि दुसऱ्या चार खात्यांनी त्या नावाची किंमत तशीच ठेवली. मग ती किंमत कोणी तरी चुकवतो, आणि बहुधा बहीणच हक्क सोडून ती चुकवते.

११ ऑक्टोबर

अशासकीय विधेयकाचा मसुदा करायला घेतला. कल्पना साधी आहे. सामाईक खातेदाराने एकदाच नोंदणीकृत संमती द्यावी की शेती कसणाऱ्या अमुक सहखातेदाराने पीककर्ज, विमा आणि नुकसानभरपाई यांचे व्यवहार करावेत. ती संमती सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात नोंदवली जावी. प्रत्येक कार्यालयाने ती पुरेशी मानावी आणि देणाऱ्याला ती केव्हाही एका अर्जाने मागे घेता यावी. विक्री, गहाण आणि हक्कसोड यांना ती लागू नसावी. जमिनीच्या मालकीला हात न लावता रोजच्या सह्या कमी करायच्या आहेत.

विधिमंडळातल्या एका जाणकार अधिकाऱ्याने मसुदा वाचून सांगितले की यातले निम्मे काम शासन निर्णयानेही होईल. ते बरोबर असावे. पण शासन निर्णय बँक मानत नाही, असा माझा अनुभव आहे.

२० नोव्हेंबर

नगरपरिषदांच्या निवडणुकीची आचारसंहिता ४ तारखेला लागली आणि कार्यालये ओस पडली. जो तो निवडणूक कामावर. वहीत दोन आठवडे एकही तारीख नाही.

वडिलांच्या २०११ च्या नोंदीविरुद्ध आक्काने कलम २४७ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे केलेल्या अपिलाची आज सुनावणी होती. मुदत साठ दिवसांची, म्हणून चौदा वर्षांच्या विलंब माफीचा अर्ज जोडला आहे. या अपिलात मी उत्तरवादी क्रमांक एक आहे. वकिलांनी सुचवले होते की लेखनप्रमाद म्हणून कलम १५५ खाली तहसीलदारांकडून दुरुस्ती करून घेतली तर महिनाभरात होईल. मी नको म्हटले. वारसाचे नाव गाळणे ही लिहिण्यातली चूक नव्हती, आणि ती तशी दाखवली तर ते माझे दुसरे खोटे प्रतिज्ञापत्र झाले असते. दीड तास बाकावर बसलो. शिपायाने दोनदा आत येऊन बसायला सांगितले. बाकीचे बाहेर असताना आत जाणे बरे दिसले नसते. लेखी जबाबात चूक मान्य केली. जबाबाची पोच मागितली तेव्हा लिपिक जरा गोंधळला, पण शिक्का मारून दिली.

१२ डिसेंबर, नागपूर

अधिवेशन सात दिवसांचे आणि शेवटचे दोन दिवस उरलेले. सुधारणांवरच्या चर्चेत मला सहा मिनिटे मिळाली. वर्षाच्या आरंभी ज्या भाषणासाठी वही सुरू केली होती, ते भाषण केले नाही. पोच आणि सही एवढ्याच दोन शब्दांवर बोललो : पोच देणे सक्तीचे करा आणि सामाईक खात्यावरची रोजची सही कमी करा. मागच्या बाकावरून कोणी तरी ‘एवढंच?’ असे म्हणाले. विधेयक या अधिवेशनात येण्याची शक्यता नव्हतीच.

२८ डिसेंबर

अपील निकालासाठी बंद झाले आहे. आक्का काल सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीने आली, थंडीत कळण्याची भाकरी आणि भरीत खायचे म्हणून. रात्री वांगी काट्यांच्या विस्तवावर भाजत असताना तिने मला विचारले, “बापू, उताऱ्यावर नाव लागलं की सोसायटीचं कर्जबी माझ्या डोक्यावर येईल का?” मी तिला समजावून सांगितले की कर्ज जो काढेल त्याचे, पण जमिनीवर बोजा चढला तर तो तिच्या हिश्शालाही दिसेल. हे तिला एप्रिलमध्ये कोणी सांगितले नव्हते, मीही नाही.

आज सकाळी तिने सोसायटीच्या पुढच्या हंगामाच्या संमतीपत्राच्या तीन प्रतींवर सह्या केल्या. धाकट्याने चष्मा लावून एकेक पान तपासले आणि मान हलवली. आधारच्या झेरॉक्सवर तिची सही राहिली होती.